पन्नासात एक मार्क

नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या पीएच.डी.बद्दल सहा वर्षांत एकच प्रश्न विचारला आणि नेमका तोच मला नको होता. फैजपूरला केळीच्या बागेत ते ठिबकची नळी मोकळी करत बसले होते. मी धुळ्याहून खास सांगायला आले होते की माझ्या प्रयोगाचा निकाल हाती आला आणि फरक पडला.

"किती?" ते म्हणाले.

"नाना, सार्थक फरक आहे. आकड्यावर चांदणी आलीय."

त्यांनी नळी खाली ठेवली. "फरक तं फूक मारली तरी पडते, बाई. घडामागं पाव वाढला का किलो, ते सांग."

मला राग आला. एवढी वर्षं डोळे फोडून काम केलं आणि हे पाव-किलोची भाषा करतात! मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. ते पुन्हा नळीकडे वळले आणि आमचं बोलणं तिथेच संपलं. घरी येताना मात्र माझं तोंड कडू झालं होतं, कारण पाव की किलो हे मला चांगलं ठाऊक होतं. तो आकडा लॅपटॉपमध्ये होता. मी तो प्रबंधात घातला नव्हता.

मी धुळ्यात भावी शिक्षकांना शिकवते. माझा विषय वाचन. साक्रीच्या पश्चिमेकडे, डोंगराला लागून जी गावं आहेत, तिथल्या काही शाळांत मी एक प्रयोग केला होता. निम्म्या शाळांत शाळेआधी एक तास मुलांना मोठ्याने वाचायला बसवायचं, उरलेल्या शाळा नेहमीसारख्या चालू द्यायच्या आणि शेवटी सगळ्यांची पन्नास मार्कांची एकच परीक्षा घ्यायची. जुलैत सुरू केलं, डिसेंबरात संपवलं. मुलं आठशेच्या वर होती. सकाळी वाचणाऱ्या मुलांची सरासरी न वाचणाऱ्यांपेक्षा जेमतेम एका मार्काने जास्त निघाली.

आमच्या शास्त्रात अशा आकड्याच्या डोक्यावर एक बारीक चांदणी देतात. तिचं म्हणणं एवढंच, की खरोखर काहीच फरक नसता तर इतकं अंतर निव्वळ योगायोगाने क्वचितच दिसलं असतं. फरक केवढा, हे ती सांगत नाही. मुलं भरपूर असली की चिमूटभर फरकालाही चांदणी मिळते. केवढा हे सांगायला निराळा आकडा लागतो, त्याला परिणामाचा आकार म्हणतात. मुलांचे मार्क एकमेकांपासून एरवीच किती लांब-लांब पसरलेले असतात, त्या पसाऱ्यात आपला फरक कुठे बसतो, ते तो सांगतो. माझ्या मुलांचे मार्क सरासरीच्या सात-सात मार्क खालीवर सहज जात होते आणि त्यात माझा एक मार्क. भागाकार आला शून्य पूर्णांक चौदा शतांश. दोन्हीकडचं एकेक मूल डोळे मिटून उचललं आणि कोणी सकाळी वाचलं ते ओळखायला सांगितलं, तर माझा अंदाज नाणं उडवून सांगितल्यापेक्षा फारसा बरा ठरला नसता.

मी तो आकडा माझ्या मार्गदर्शकांना जळगावला दाखवला होता. सर भले माणूस. माझ्या वाईट मराठी वाक्यांवर त्यांनी लाल पेनने केलेली मेहनत मी विसरणार नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "चांदणी आहे ना? मग हा रकाना कशाला वाढवता? बाहेरचे परीक्षक यालाच धरून बसतील."

"पण सर, हा द्यायला हवा असं आता सगळीकडे म्हणतात."

"म्हणतात. देतं कोण?"

मी रकाना काढून टाकला. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. उलट मला सुटल्यासारखं वाटलं.

मग जानेवारीत धुळ्यात एक कार्यशाळा झाली. त्यात मी दहा मिनिटं बोलले, पडद्यावर ती चांदणी दाखवली आणि म्हटलं, "सकाळच्या वाचनाच्या तासाने सार्थक फरक पडतो." टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगेत शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयातले एक साहेब बसले होते, त्यांनी माझा कागद मागून घेतला. किती फरक, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की येताना पेढे घेतले.

होळी झाली आणि डोंगराकडच्या एका शाळेतून फोन आला. तिथले मुख्याध्यापक माझ्या प्रयोगात होते, तास नसलेल्या शाळांपैकी त्यांची एक. निवृत्तीला आलेला माणूस, गावात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणते. एरवी माझ्याशी ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलतात. त्या दिवशी बोलले नाहीत.

"मॅडम, तुमना तास वना आमना गावले. एकदाव ईसन दखी जा."

आदेश निघाला होता. त्या भागातल्या सगळ्या शाळांत सकाळी साडेसहाला वाचनाचा तास, हजेरी त्याच तासाला आणि मुलांचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. आदेशाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, संशोधनातून सिद्ध झाल्याप्रमाणे. ते संशोधन माझं होतं. आबांनी मला तो कागद फोनवर पाठवला तेव्हा मी वर्गात होते. मुलींना म्हटलं, पुढचा धडा तुम्हीच वाचा.

दुसऱ्या दिवशी साक्रीला गेले, नात्यातल्या एका घरी मुक्काम केला आणि पहाटेच्या जीपने गावात उतरले. सहा वाजून गेले होते. शाळेच्या अंगणात आबा आणि सात मुलं. पटावर एकोणचाळीस.

"बाकीची?"

"चला," ते म्हणाले.

गावामागच्या उतारावर मोहाची झाडं आहेत. मी केळीच्या गावची. मोह मला गोष्टीतूनच माहीत. त्याची फुलं पहाटे गळतात आणि गळतील तशी वेचावी लागतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. प्रत्येक झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली होती. त्यावर फिकट पिवळी, मण्यांएवढी फुलं पडत होती. गोडसर, डोक्यात जाणारा वास. आणि झाडाझाडाखाली वाकलेली माझी उरलेली मुलं, आयांबरोबर, टोपल्या घेऊन.

आबा शांतपणे सांगत होते, म्हणून मला जास्तच लागत होतं. मोहाचे हे तीन-चार आठवडे. फुलं वाळवून विकतात, घराला वर्षभर पुरतं त्यातून. म्हणून या डोंगराकडच्या शाळांत कित्येक वर्षांचा एक न लिहिलेला रिवाज आहे: मोहाच्या दिवसांत हजेरी मधल्या सुट्टीनंतर घ्यायची. मुलं वेचणी उरकून, हातपाय धुऊन धावत येतात, उरलेली शाळा करतात आणि पटावर हजर लागतात. कुठल्या कागदावर हे नाही. साहेब लोकांना ठाऊक नाही आणि सांगायचंही नसतं. माझा प्रयोग पावसाळ्यात सुरू होऊन थंडीत संपला होता. मोहाशी त्याची गाठच पडली नव्हती.

"आता साडेसहाचा फोटो वर जातो," आबा म्हणाले. "त्यात जो नाही, तो त्या दिवशी गैरहजर. मी नऊ वाजता शिकवलं तरी गैरहजर."

एका झाडाखाली सातवीतली एक मुलगी आईबरोबर वेचत होती. आबांनी आईला सांगितलं, ह्या त्या वाचनाच्या मॅडम. बाई उभी राहिली, पदराने हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. तिला फक्त माहिती हवी होती.

तिने आधी मला तिची अडचण समजावून सांगितली. गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला पोरीला वसतिगृहात घालायचं ठरलं होतं. त्या अर्जाला हजेरीचा दाखला लागतो, आणि होळीपासून पोरीच्या नावापुढे रोज गैरहजर पडत होतं. "बठ्ठा मोह आते पडस, मॅडम," ती म्हणाली. "ऊन चढनं का ढोरं खाई जातस. पोरले तासले धाडू का आठे आनू?"

मग तिने तो प्रश्न विचारला.

"तुम्हीन सांगं ना, सकायना तासघाई फरक पडस. कितला पडस?"

आठशे मुलं, सहा वर्षं, एक मार्गदर्शक, एक कार्यशाळा आणि टाळ्या. त्यात नानांनंतर हे विचारणारी ती दुसरी. तिला मी 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणू शकत नव्हते. तिला सगळं कळत होतं. मला वाटलं, आता इथून पळून जावं.

"एक मार्क," मी म्हटलं. "पन्नासात एक."

तिने बोट वर केलं. "एक?"

"एक."

"मंग एक मार्कसाठे तिनी आठवी जाई का?"

आबा दुसरीकडे बघायला लागले. मुलगी एवढा वेळ खाली मान घालून वेचत होती. ती न उठताच म्हणाली, "मॅडम, ती परीक्षाना मार्क तुम्हीन आमले सांगातच नहीत."

खरंच सांगितले नव्हते. आठशे मुलांची परीक्षा घेतली, पेपर तपासून आकडे काढले, ते आकडे यंत्रात घातले, आणि एकाही मुलाला त्याचे मार्क सांगितले नाहीत. माझ्या लक्षातच आलं नाही. मी त्यांना नमुना म्हणत होते.

शाळेत येऊन मी लॅपटॉप उघडला आणि तिचा आकडा शोधला. एकेचाळीस. सकाळच्या तासाविना, दोन्हीकडच्या सरासरीच्या कितीतरी वर. नऊ वाजता ती धापा टाकत आली तेव्हा सांगितलं. ती खूश झाली, मैत्रिणीला कोपर मारलं. माझा जीव थोडा थोडा होत होता आणि ती हसत होती.

परतीच्या बसमध्ये मी त्या साहेबांच्या कार्यालयाला पत्र लिहायला घेतलं. प्रयोगात दिसलेला फरक पन्नासात सुमारे एक मार्क होता, तो मुलांच्या मार्कांच्या पसाऱ्याच्या मानाने फार लहान आहे, प्रयोग मोहाच्या काळात झालेला नाही, त्यामुळे हा तास सक्तीचा करण्यास माझ्या संशोधनाचा आधार घेता येणार नाही. पाच वाक्यं. लिहायला अख्खा रस्ता लागला. साक्रीपासून धुळ्यापर्यंत माझ्या डोक्यात एकच चालू होतं: माझी तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर आहे, आणि मी माझ्याच हाताने प्रबंधाच्या पायाखालची वीट काढते आहे.

सरांना फोन केला. पत्र वाचून दाखवलं.

"पत्र पाठवा," ते म्हणाले. "पण व्हायवा झाल्यावर. तीन आठवड्यांनी काय बिघडतंय?"

"सर, तीन आठवड्यांनी मोह संपेल."

"कोण संपेल?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमचं वय त्रेचाळीस आहे. मीही पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. तुम्हाला नवीन मार्गदर्शक, नवीन विषय, पुन्हा सहा वर्षं... विचार करा." त्यात धमकी नव्हती. त्यांना माझी काळजी वाटत होती, आणि म्हणूनच तो फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

तीन दिवस मी पत्र पाठवलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. जेवण जात नव्हतं. पोळी लाटता लाटता हात थांबायचा. रोज साडेसहाला जाग यायची आणि मनात यायचं, आता फोटो काढला असेल, आता आणखी एक गैरहजर पडली. मी पोस्टापर्यंत जायची आणि परत यायची. घरच्यांना वाटलं, परीक्षेची भीती. तीही होतीच की.

चौथ्या दिवशी नानांचा फोन आला. नेहमीचा, तब्येतीचा. मी मध्येच म्हटलं, "नाना, पाव."

"काय?"

"तुम्ही विचारलं होतं ना, पाव का किलो. पाव. पावसुद्धा नाही, छटाक."

ते हसले नाहीत. "मंग तसं सांगून टाक," म्हणाले. "छटाक तं छटाक. लोकाईले किलो सांगू नको म्हणजे झालं."

त्या दुपारी मी पत्र पाठवलं, टपालानेही आणि ईमेलनेही, माझ्या नावाने, माझ्या सहीने. एक प्रत आबांना पाठवली. प्रबंधाच्या तक्त्यात तो रकाना परत घातला आणि एक पान जोडलं, ते बांधणीवाल्याला शेवटच्या घटकेला चिकटवावं लागलं. ती दुरुस्ती सरांना दाखवली. त्यांनी त्यावर सही केली.

कार्यालयातून फोन आला. "मॅडम, फरक पडतो असं तुम्हीच म्हणाला होता ना?" साहेबांचा आवाज दुखावलेला होता आणि त्यांचं चुकत नव्हतं. "हो," मी म्हटलं. "केवढा, ते सांगायचं राहिलं." ते म्हणाले, बघू. आदेश मागे घेतला गेला नाही. पण आबांनी माझं पत्र शाळेच्या फायलीत लावलं आणि दुसऱ्या दिवसापासून हजेरी पुन्हा मधल्या सुट्टीनंतर घ्यायला सुरुवात केली. "कोनी इचारं तर तुमनी सही दखाडसू," फोनवर म्हणाले.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी ते चिकटवलेलं पान उघडलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचा परिणाम जवळजवळ नगण्यच आहे की." "हो सर," मी म्हटलं, "आणि तो या मुलांच्या सकाळपेक्षा मोठा नाही." वाक्य नीट जमलं नाही, पण त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले. जिचा एवढा धसका घेतला होता ती गोष्ट पाऊण तासात उरकली, याचाच मला राग आला.

जूनमध्ये आबांनी कळवलं, मुलीचा दाखला झाला, वसतिगृहात नाव लागलं. मी धुळ्याच्या घरात खुर्चीवर बसून राहिले. फार मोकळं वाटलं. ते मोकळेपण संध्याकाळपर्यंतच टिकलं. चहा ओतताना आठवलं: आदेश एका शाळेसाठी नव्हता. आबांनी फोन केला म्हणून मला त्यांची शाळा कळली. बाकीच्या मुख्याध्यापकांनी फोन केला नाही. त्यांच्याकडे माझं पत्र नव्हतं. त्यांनी साडेसहाचा फोटो रोज, नेमाने, मोह संपेपर्यंत पाठवला असणार.

माझ्या प्रयोगाच्या परिणामाचा आकार मी दोन दशांश स्थळांपर्यंत काढला होता. माझ्या चुकीचा आकार मला माहीत नव्हता.

शाळांची यादी माझ्याकडे होतीच. सुट्ट्या टाकल्या आणि साक्रीची बस धरली. पहिल्या शाळेत मुख्याध्यापक तरुण होते, मला बघून गडबडले, त्यांना वाटलं तपासणी आली. मी पाणी प्यायले आणि विचारलं, "यंदा सातवी झालेल्यांपैकी किती मुलं आठवीला गेली नाहीत?"

"कशाला पाहिजे, मॅडम?"

"माझ्या कामाचं आहे."

त्यांनी पटाची वही काढली आणि नावांवरून बोट फिरवायला लागले. मी टेबलाची कड धरून बसले होते.

"दोन," ते म्हणाले. मग पान उलटलं. "थांबा. इकडे अजून आहेत."